एका कराराचा प्रवास: संयुक्त राष्ट्रांपासून आपल्या ऑफिसच्या नोटीस बोर्डपर्यंत

(हा ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

हेडफोन घरी विसरलात म्हणून वाचताय? चालेल, वाचा.

मागच्या वर्षी टीममधल्या एका मैत्रिणीने जेवताना हळूच विचारलं, "आपल्याकडे पॉशची तक्रार नक्की कोणाकडे करायची असते रे?" टेबलावर आम्ही सहा जण. सगळ्यांनी दरवर्षी ते ऑनलाइन ट्रेनिंग केलेलं, सगळ्यांकडे सर्टिफिकेट. आणि उत्तर एकालाही माहीत नाही. मी तर ते व्हिडिओ दुप्पट स्पीडला लावून 'नेक्स्ट, नेक्स्ट' करणाऱ्यांतला. खरं सांगतो, लाज वाटली.

त्या रात्री कायदाच उघडला. अगदी सुरुवातीला एका आंतरराष्ट्रीय कराराचा उल्लेख दिसला. म्हटलं, आपल्या ऑफिसच्या तक्रारीचा आणि परदेशातल्या परिषदांचा काय संबंध? आजचा एपिसोड त्यावरच.

करार कुठला?

नाव सीडॉ. स्त्रियांबाबतचा सर्व प्रकारचा भेदभाव दूर करण्याचा करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १८ डिसेंबर १९७९ ला स्वीकारला. आज १८९ देश त्यात आहेत. भारताने १९८० मध्ये सही केली आणि १९९३ मध्ये त्याला मंजुरी दिली. हा फरक लक्षात ठेवा. सही म्हणजे 'आमचा विचार आहे', मंजुरी म्हणजे 'आता आम्ही बांधील आहोत'. अमेरिकेनेही १९८० मध्येच सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही.

गंमत बघा, या करारात स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल वेगळं कलमच नाही. शिक्षण, नोकरी, आरोग्य, लग्न, सगळं आहे. मारहाण आणि छळाचं थेट काही नाही. मग करारावर देखरेख करणाऱ्या २३ तज्ज्ञांच्या समितीने १९९२ मध्ये एक शिफारस काढली, क्रमांक १९. तिचं म्हणणं सरळ होतं: बाई आहे म्हणून होणारी हिंसा हाही भेदभावच. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ म्हणजे काय, तेही तिथे लिहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ कोडमध्ये राहून गेलेल्या गोष्टीसाठी टाकलेला पॅच.

आणि इकडे राजस्थानात

त्याच वर्षी, १९९२ मध्ये, राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. एक बालविवाह रोखायचा त्यांनी प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं.

पण महिला संघटनांनी आणखी एक प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. काम करताना बाईवर असा प्रसंग येतो, तर तिला कामाच्या जागी सुरक्षित ठेवायची जबाबदारी कोणाची? तेव्हा देशात त्यासाठी कायदाच नव्हता.

१३ ऑगस्ट १९९७. 'विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य' या खटल्याचा निकाल. खंडपीठात सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, बी. एन. किरपाल आणि सुजाता मनोहर. मनोहर म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. न्यायालय म्हणालं, देशात कायदा नसेल आणि आंतरराष्ट्रीय करार आपल्या मूलभूत हक्कांशी विसंगत नसेल, तर हक्कांचा अर्थ लावताना तो करार वापरता येतो. १९९५ च्या बीजिंग महिला परिषदेत भारत सरकारने दिलेल्या आश्वासनांचाही दाखला निकालात आहे. लैंगिक छळाची व्याख्याही बरीचशी त्या १९ नंबरच्या शिफारशीसारखी.

म्हणजे जी भाषणं आपण 'परदेशात जाऊन केलेल्या गप्पा' म्हणून सोडून देतो, तीच सरकारसमोर ठेवली गेली. तुम्हीच कबूल केलंत ना, मग पाळा!

पुढची १६ वर्षं विशाखा निकालातल्या मार्गदर्शक सूचना कायद्यासारख्या लागू राहिल्या. २०१३ मध्ये संसदेने कायदा केला, तोच आपला पॉश.

मग सगळं छान झालं का?

नाही. कराराच्या मागे पोलीस नसतात. देश ठरावीक काळाने अहवाल देतात, संस्था स्वतःचे वेगळे अहवाल पाठवतात, समिती प्रश्न विचारते. ऐकायचं की नाही, ते शेवटी सरकारच्या हातात. शिवाय मंजुरी देतानाच भारताने सांगून ठेवलं होतं की कुठल्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय आम्ही हात घालणार नाही. वैवाहिक बलात्काराला गुन्हा ठरवा, असं न्या. वर्मांच्याच समितीने २०१३ मध्ये सुचवलं, सीडॉ समितीनेही २०१४ मध्ये सांगितलं. तरी तो अपवाद नव्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे.

म्हणून मला वाटतं, करार आपोआप कोणाला वाचवत नाही. तो हातात धरायला एक कागद देतो. धरणारी माणसं लागतात. भंवरीदेवींसारखी, त्या संघटनांसारखी.

तुमच्या कामाचं

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. समितीचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावणं बंधनकारक आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, लेखी. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या ताईंनाही हा कायदा लागू आहे, हे त्यांना जरूर सांगा.

आमच्याकडची यादी शेवटी सापडली. पँट्रीत, फ्रीजच्या मागे. त्यातल्या दोघी कंपनी सोडून गेलेल्या! आम्ही सहाही जणांनी मेल टाकला, आठवड्याभरात नवी यादी लिफ्टशेजारी लागली. मैत्रिणीने पुढे काय केलं, ते तिचं तिच्यापाशी.

उद्या ऑफिसला गेलात की एवढंच करा. ती यादी शोधा, फोटो काढून ठेवा. कोणीतरी जेवताना हळूच विचारेल, तेव्हा उत्तर तयार असू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!