ठिपका आभाळातून, नकाशा घरून

स्पितीला किंवा लडाखला गाडीने जायचं ठरलं की टायर, जॅक, पेट्रोलचे कॅन, गोळ्या-औषधं सगळ्यावर तासन्‌तास बोलणं होतं. मग कुणीतरी हमखास विचारतं, "पण तिकडे रेंज नसते ना? मग जीपीएस कसं चालणार?" हा प्रश्न मी इंजिनिअरकडून ऐकला आहे, डॉक्टरकडून ऐकला आहे, वीस वर्षं जीप हाकणाऱ्या माणसाकडूनही ऐकला आहे. वाईट याचं वाटतं की विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. 'नाहीच चालणार' हे त्याने धरूनच ठेवलेलं असतं. म्हणून तो ऑफलाइन नकाशा घेत नाही आणि चारशे किलोमीटरभर पुढच्या गाडीची धूळ बघत जातो.

जीपीएसला रेंज लागत नाही. सिमकार्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही, डेटा जात नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एवढंच सांगत असतात की मी अमुक उपग्रह, अमुक जागी आहे आणि आता अमुक वेळ झाली. आपल्या फोनमधली चिप ते नुसतं ऐकते. चार उपग्रहांचं ऐकू आलं की आपण कुठे आहोत याचं गणित ती स्वतः मांडते. उपग्रहाला आपण काहीच पाठवत नाही, आपण आहोत हेही त्याला ठाऊक नसतं. शेतातल्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी ऐकायला टेलिफोनची तार लागायची का? हे तसंच आहे. मोबाइलवर इंटरनेट यायच्या आधीपासून जहाजं आणि गिर्यारोहक हातातल्या साध्या जीपीएस यंत्रावर वाट काढत होते आणि त्या यंत्रात सिम घालायला जागासुद्धा नव्हती. जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. अमेरिकी सरकारच्या जीपीएस डॉट गव्ह या संकेतस्थळावर दिलं आहे की मोकळ्या आभाळाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या आत असते. त्यात मोबाइल टॉवरचा उल्लेखही येत नाही.

तरीही हा समज जात नाही, कारण लोकांना अनुभवही तसाच येतो. रेंज गेल्यावर अ‍ॅप उघडलं की राखाडी चौकटींचा कोरा पडदा दिसतो. नीट पाहिलं तर त्या कोऱ्या पडद्याच्या मधोमध निळा ठिपका असतो. ठिपका आभाळातून आलेला असतो, फक्त त्याच्याखालचा नकाशा नेटवरून यायचा राहिलेला असतो. ठिपका आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तरी निम्मा घोळ मिटेल. नकाशा घरून निघताना, वाय-फायवर, फोनमध्ये भरून न्यायचा असतो.

दुसरा अनुभव ठिपका उशिरा दिसण्याचा. उपग्रहांचं बोलणं फार संथ असतं, सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाची नेमकी कक्षा समजायला अर्धं मिनिट जातं आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. शहरात फोन हीच माहिती नेटवरून क्षणात उचलतो, म्हणून ठिपका चटकन येतो. याला असिस्टेड जीपीएस म्हणतात. रेंज नसेल तर ही मदत मिळत नाही आणि चिपला सगळं आभाळातून ऐकावं लागतं. रात्रभर बंद ठेवलेला फोन सकाळी अरुंद दरीत, धावत्या गाडीत सुरू केला तर ठिपका यायला काही मिनिटं लागू शकतात. लोक वीस सेकंद बघतात आणि 'बंद पडलं' म्हणून फोन खिशात टाकतात. अहो, गाडी मोकळ्या जागी उभी करा, फोन काचेजवळ ठेवा आणि चहा होईपर्यंत थांबा.

तिसरा अनुभव सगळ्यात फसवा, कारण त्यात माणसाचं खरंच नुकसान होतं. माझ्या मामेभावाचं तसंच झालं. स्पितीसाठी त्याने मोठा, झकास पडद्याचा टॅब घेतला. सिमवाला महाग होता आणि "तिकडे रेंजच नाही तर सिमचे पैसे कशाला घालायचे?" असं म्हणून त्याने नुसत्या वाय-फायवाला घेतला. दुकानदारानेही मान डोलावली. पुण्यात घरी टॅब उघडला तर ठिपका बरोबर त्याच्या सोसायटीवर. चंडीगडच्या हॉटेलातही बरोबर. अटल बोगद्यातून पलीकडे उतरून कोकसर ओलांडलं, स्पितीकडे वळणारा ग्रामफूचा फाटा आला, आमची रेंज गेली आणि टॅबवरचा ठिपका जागीच थिजला. नकाशा सगळा होता, हिमाचलचा प्रत्येक नाला त्यात होता, पण आम्ही त्यात कुठे आहोत ते दिसेना. "बघ दादा, म्हटलं नव्हतं? रेंज गेली, जीपीएस गेलं!" तेव्हा माझा फोन त्याच डॅशबोर्डवर फ्लाइट मोडमध्ये होता आणि त्यातला बाण चंद्रा नदीच्या कडेकडेने सरकत होता. तो त्याला दाखवला, तर म्हणाला, "तुझं नेटवर्क वेगळं असेल."

त्याच्या टॅबमध्ये जीपीएसची चिप नव्हतीच. शहरात टॅब जागा ओळखतो ती आसपासच्या वाय-फाय राउटरांवरून. कुठला राउटर कुठे आहे याची नोंद मोठ्या कंपन्यांकडे असते आणि टॅब ती नेटवरून विचारून घेतो. ग्रामफूच्या पुढे ना राउटर, ना विचारायला नेट. शिवाय फोनचा हॉटस्पॉट दिलेला असला तर काही टॅब फोनचीच जागा उसनी घेतात आणि आपल्याला वाटतं की टॅबलाच कळतंय.

शंका असेल तर आयपॅडचं तांत्रिक माहितीपत्रक उघडून बघा. अ‍ॅपलने ते स्वच्छ लिहिलं आहे. लोकेशनच्या रकान्यात सगळ्या मॉडेलांना डिजिटल कंपास आणि वाय-फाय, आणि जीपीएस मात्र फक्त सेल्युलर मॉडेलांना. कंपास हा शब्द वाचून माणसं फसतात. कंपास उत्तर कुठे ते सांगतो, तुम्ही कुठे आहात ते सांगत नाही. अँड्रॉइडमध्ये एकच नियम नाही, काही वाय-फाय टॅबमध्ये चिप असते आणि काहींत नसते, त्यामुळे प्रत्येक मॉडेलचं पत्रक वाचावंच लागतं. म्हणजे सिम कधीच घालणार नसलात तरी बऱ्याचदा सिमवालाच टॅब घ्यावा लागतो, कारण चिप त्यातच असते. चुकीचा घेऊन बसला असाल तर ब्लूटूथने जोडायचा छोटा जीपीएस रिसीव्हर मिळतो. टॅब विकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पारख करायला पाच मिनिटं पुरतात. वाय-फाय बंद, ब्लूटूथ बंद, फ्लाइट मोड चालू, आणि दुकानाबाहेर मोकळ्या आभाळाखाली. नकाशा आधी उतरवलेला हवा. दोन-तीनशे पावलं चाला. ठिपका तुमच्याबरोबर चालला तर टॅब घ्या. दुकानाच्या आत, दुकानाच्या वाय-फायवर केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

आता अ‍ॅपकडे. 'गूगल मॅप्सवर भाग डाउनलोड केला की काम झालं' असं सर्रास म्हणतात. हमरस्त्यापुरतं ते खरं आहे. पण ऑफलाइन असताना गूगल फक्त गाडीचा मार्ग देतं. पायी वाट देत नाही, रहदारी सांगत नाही, पर्यायी रस्ते सुचवत नाही, आणि उतरवलेल्या नकाशाला मुदत असते. गावातून नदीकडे उतरणारी बैलगाडीची वाट किंवा खिंडीतला जुना रस्ता हवा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं अ‍ॅप लागतं. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवकांनी रेखाटलेला आहे. सह्याद्रीत तर ट्रेकर मंडळींनी अनेक वाटा स्वतः चालून त्यात भरल्या आहेत. अशा अ‍ॅपपैकी ऑरगॅनिक मॅप्स मोफत आहे, हलकं आहे, घरातल्या कुणालाही दहा मिनिटांत जमतं. ओएसएमअँड किचकट आहे पण त्यात रस्त्याचा पृष्ठभाग, उंचीच्या रेषा, जीपीएक्स फाइल (वाटेची नोंद) सगळं बारकाईने बघता येतं. त्याच्या मोफत आवृत्तीत डाउनलोडची संख्या मर्यादित असते. मी दोन्ही ठेवतो. नकाशे बहुधा राज्यवार असतात, तेव्हा मनालीहून लेहला जाताना हिमाचलचा एकच घेऊन निघू नका, सरचूपाशी हिमाचलची हद्द संपते.

अ‍ॅपने रेघ दाखवली म्हणजे रस्ता आहे, हा समज मात्र जिवावर बेतणारा आहे. ती रेघ कुणी, कुठल्या महिन्यात आखली ते रेघेवर लिहिलेलं नसतं. ग्रामफूहून स्पितीतल्या काझाला जाणाऱ्या वाटेवरचे नाले सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारी वरचं बर्फ वितळलं की जोर धरतात. नकाशात तो नाला सकाळी आणि दुपारी सारखाच दिसतो. अ‍ॅपने दिलेला वेळही मानू नका. मनाली ते काझा अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याला अख्खा दिवस लागतो. वाटेतल्या बातलच्या ढाब्यावर समोरून आलेल्या ट्रक ड्रायव्हरला विचारा, त्याने तो नाला तासाभरापूर्वी पाहिलेला असतो. उंचीच्या रेषांचंही तसंच आहे. पुष्कळ अ‍ॅप त्या फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानाने केलेल्या रडार मोजणीवरून काढतात. त्यात साधारण ३० मीटरला एक मोजणी आहे. आपल्याकडचा उभा कातळकडा दोन मोजण्यांच्या मध्ये सहज लपतो.

पडदा मोठा तितका चांगला? गाडीत आठ इंच पुष्कळ झाले. अकरा-बारा इंची टॅब कच्च्या रस्त्यावर माउंटसकट निखळतो आणि काचेसमोरचा रस्ता झाकतो. आयपॅडसाठी अ‍ॅपलने वापराचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस दिलं आहे. काचेमागच्या उन्हात, पूर्ण उजेडावर, चार्जिंग चालू असताना ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते, म्हणून टॅब एसीच्या झरोक्यासमोर लावावा. जुन्या गाडीच्या लायटर सॉकेटातला साधा चार्जर लावून ठेवला तरी बॅटरी उतरतच जाते, चांगल्या वॅटचा चार्जर घ्या. दुचाकीवाल्यांसाठी आणखी एक: मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं. हँडलवर चांगला फोन लावू नका, जुना लावा.

आणखी काही समज झटपट. फ्लाइट मोडने जीपीएस बंद होतं? आताच्या फोनमध्ये होत नाही, उलट टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. ढगाने, पावसाने जीपीएस जातं? नाही. दाट ओली झाडी आणि उभा कडा मात्र त्रास देतात. अक्षांश ३२°३०′ म्हणजे ३२.३०? नाही, ३२.५. ही एक चूक तुम्हाला बावीस किलोमीटर बाजूला नेते. लडाखमधली खारदुंग ला १८,३८० फूट? पाटीवर वर्षानुवर्षं तेच होतं, पण जीपीएस मोजणीत ती खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते.

आणि अमेरिकेतला भाचा 'उपग्रहावरून एसओएस पाठवणारं यंत्र' घेऊन येणार असेल तर त्याला आजच फोन करा. नुसतं ऐकणारं जीपीएस आणि उपग्रहाशी दोन्हीकडून बोलणारं यंत्र यांत कायद्याने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. असं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला त्यासाठीच ताब्यात घेतलं होतं. ब्रिटिश सरकारही भारतात येणाऱ्या आपल्या नागरिकांना उपग्रह-फोनबद्दल सावध करतं. चूक नकळत झाली म्हणून कुणी सोडत नाही.

मामेभावाने तो टॅब मुलीला अभ्यासाला दिला आणि आठ इंची सिमवाला घेतला. परवा रविवारी सिम न घालताच फ्लाइट मोडवर टाकून आम्ही दोघं शाळेच्या मैदानावर उभे राहिलो. ठिपका यायला जवळजवळ दोन मिनिटं लागली. तेवढा वेळ तो काही न बोलता पडद्याकडे बघत होता, मग मैदानाच्या कडेने चालायला लागला.