१०० हर्ट्‌झची घरघर

वर्षानुवर्षं पोटमाळ्यावर पडून राहिलेला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर खाली उतरवला, फडक्यानं पुसला आणि थेट बटण दाबलं, तर पुष्कळदा फ्यूज तरी उडतो, नाहीतर स्पीकरमधून जाड, एकसुरी घरघर सुरू होते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती हटत नाही. सेट गेला असं समजून अनेक जण इथेच तो भंगारवाल्याच्या हवाली करतात. वास्तविक ही घरघर म्हणजे रोगाचं नेमकं लक्षण असतं, आणि हा रोग बहुतेक वेळा बरा होणारा असतो.

घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. अ‍ॅम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, चार डायोडांचा रेक्टिफायर तिची उलटी बाजू सुलटी करतो आणि सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. त्यांच्यामधले खळगे भरून काढून सपाट डीसी पुरवण्याचं काम मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांकडे असतं. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळ दिवसभर चालतो, तसंच हे. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून २ अ‍ॅम्पिअर ओढले, तर दाबात सुमारे २ व्होल्टचा चढउतार उरतो. कपॅसिटरची क्षमता निम्मी झाली की तो ४ व्होल्टवर जातो आणि १०० हर्ट्‌झच्या सुरात ऐकू येऊ लागतो. ५० हर्ट्‌झची गुणगुण निराळी. ती बहुधा अर्थिंगच्या गोंधळातून किंवा शील्ड तुटलेल्या केबलमधून येते. दोन्हींतला फरक मोबाइलवरच्या साध्या स्पेक्ट्रम अ‍ॅपवरही दिसतो. पेचकस हातात घेण्याआधी एवढं जरूर करावं.

कपॅसिटरच का बिघडतो? कारण या पेटीतला तोच भाग ओला असतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रवात भिजवलेला कागद यांची गुंडाळी असते. तो द्रव खालच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षं नकळत उडत राहतो. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि १० अंशांनी उतरलं की दुप्पट, असा ठोकताळा आहे. ८५ अंशांना २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ४५ अंशांच्या पेटीत ३२,००० तास टिकेल. रोज चार तास गाणी ऐकली तर ही झाली सुमारे बावीस वर्षं. ऐंशीच्या दशकातला सेट आज घरघरतो याचं नवल वाटायला नको. आवाज इतकी वर्षं स्वच्छ राहिला, यात बनवणाऱ्यांचं कसब आहे.

सेट नुसता पडून राहिला तरी नुकसान होतंच. पट्टीवरचा ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर हळूहळू क्षीण होतो आणि अचानक पूर्ण दाब मिळाला की कपॅसिटर तापतो, कधी फुटतोही. म्हणून पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून. ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजला जोडायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. स्पीकर काढून ठेवायचे आणि बटण दाबायचं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले, पुढे जायला हरकत नाही. तो लख्ख पेटूनच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि आपण एक जळीत टाळलं आहे. स्वस्तातलं हे उपकरण महागड्या मीटरांच्या आधी घरात हवं.

झाकण काढण्यापूर्वी प्लग उपटायचा आणि तरीही आत हात घालायचा नाही. चार्ज झालेले कपॅसिटर आधी रेझिस्टर लावून रिकामे करायचे आणि मीटरवर शून्य पाहायचं. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तीन-चारशे व्होल्ट असतात, तिथे ही सवय जिवाशी संबंधित आहे.

पुण्यातल्या मार्केट यार्डाजवळच्या गाळ्यांत किंवा घरांत वापरलेल्या सेटचं झाकण उघडलं तर सर्वात आधी धूळ दिसेल. गव्हाची, मिरचीची, गोणपाटाच्या तुसांची ती धूळ पावसाळ्यातली ओल धरते आणि सोल्डरच्या जुन्या फ्लक्सशी मिळून सर्किट बोर्डावरच्या पट्ट्यांमध्ये बारीक विद्युतगळती सुरू करते. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढ्यानं निम्मी खरखर जाते. उरलेली व्हॉल्यूमच्या पॉटची. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब पंचवीस-तीस वेळा फिरवायचा. मग भिंगातून सोल्डरचे सांधे बघायचे. पायाभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं तर तो ड्राय सोल्डर. गरम सेटवर एक चॅनल जातो आणि टपली मारल्यावर परत येतो, तो याच्यामुळे.

सुट्या भागांसाठी मार्केट यार्डातून स्वारगेटमार्गे बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठायची. रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दुसरा, सुटे भाग देणारा सेटही हाती लागू शकतो. कपॅसिटर घेताना क्षमता मूळचीच किंवा थोडी अधिक, व्होल्टेज मात्र वरचं आणि तापमान १०५ अंशांचं. यामागे हिशेब आहे. २२० व्होल्टसाठी बांधलेल्या सेटला आज २४० मिळाले की आतला ३५ व्होल्टचा दाब ३८ च्या वर जातो. म्हणून तिथे ५० व्होल्टचाच कपॅसिटर हवा.

पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत अधिक सावध राहावं. हंग चांग लिन या अभियंत्यानं १९५६ साली मांडलेल्या रचनेत एकाच जातीचे दोन पॉवर ट्रान्झिस्टर वापरून आउटपुट ट्रान्सफॉर्मरविना स्पीकर चालवता आला. तगडे सिलिकॉन पीएनपी ट्रान्झिस्टर दुर्मीळ होते, त्या काळात ही रचना जगभर पसरली. २एन३०५५ ची धातूच्या टोपीची जोडी अनेक जुन्या भारतीय सेटमध्ये दिसते, ती याच घराण्यातली. आज त्याच नंबराचे नकली तुकडे बाजारात आहेत. टोपीच्या आत इवलीशी चिप असते आणि पूर्ण आवाजात ती जळते. चांगला चालणारा मूळ ट्रान्झिस्टर म्हणूनच कधीही उगाच काढू नये.

सगळे भाग सरसकट बदलण्याचा मोह जुन्या सेटला सर्वाधिक घातक ठरतो. आधी मोजायचं, मग बदलायचं. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आहे का? आउटपुटच्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर ४.४ मिलिव्होल्ट दिसले, तर ओहमच्या नियमानं ट्रान्झिस्टरमधून २० मिलिअ‍ॅम्पिअर वाहत आहेत. हा बायस फार कमी झाला तर बारीक आवाजातल्या सतारीला कडा येते, फार वाढला तर हीटसिंकला हात लावता येत नाही. बायसचा बारीक प्रीसेट किंचित फिरवायचा, पंधरा मिनिटं सेट तापू द्यायचा, पुन्हा मोजायचं.

सुधारणा करायची तर पहिली म्हणजे स्पीकर संरक्षणाचा रिले. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पूर्ण डीसी थेट स्पीकरच्या कॉइलवर येतो, आणि जुना वूफर जळला की तसाच मिळत नाही. दुसरी, दोन पिनांच्या वायरऐवजी तीन पिनांची आणि पत्र्याला घट्ट अर्थ. तिसरी, सिग्नलच्या वाटेतल्या छोट्या इलेक्ट्रोलिटिकच्या जागी फिल्म कपॅसिटर; तो सुकतच नाही. ४५५८ आयसीच्या जागी ५५३२ बसवला तर प्रीअ‍ॅम्पमधली सूं कमी होऊ शकते, पण त्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, नाहीतर आयसी स्वतःच आंदोलनं करू लागतो. महागड्या वायरींवर पैसे घालवू नयेत. वॉट वाढवण्याचीही गरज नसते: ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर २० वॉटवर एका मीटरवर १०१ डेसिबलपर्यंत पोहोचतो. फ्लॅटच्या दिवाणखान्यात तो आवाज नको इतका मोठा आहे.

ट्रान्सफॉर्मर जळला तरी आशा सोडायचं कारण नाही. गाभ्याचं क्षेत्रफळ, वेढ्यांची संख्या आणि तारेची जाडी नोंदवून तो पुन्हा भरून घेता येतो. जपानी बाजारासाठी बनलेल्या १०० व्होल्टच्या सेटला मात्र स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि प्लग लावण्याआधी मागच्या पट्टीवरचा आकडा वाचावाच लागतो.