लाकडी चमच्यांचा नाच

घरात ढोलकी नसेल, झांज नसेल. पण स्वयंपाकघरात लाकडी चमचा असतोच. तुर्कस्थानच्या लोकांनी या साध्या वस्तूचे वाद्य केले. तिकडे चमच्याला 'काशिक' म्हणतात आणि तो वाजवीत केलेल्या नाचाला 'काशिक ओयुनू', म्हणजे चमच्यांचा खेळ. आज आम्ही वाचकांना या नाचाची ओळख करून देत आहोत.

कोन्या शहराचा परिसर आणि भूमध्य समुद्राजवळचे सिलिफके ही या नाचाची प्रसिद्ध ठिकाणे. नाचणाऱ्याच्या प्रत्येक हातात दोन चमचे असतात. त्यांच्या फुगीर पाठी समोरासमोर ठेवायच्या. एक दांडा अंगठ्याशी, दुसरा बोटांच्या फटीत. मूठ मिटली की 'टक्' असा आवाज निघतो. त्यासाठी शिमशिर नावाच्या झाडाचे कठीण लाकूड चांगले मानतात.  नाचणारा स्वतःही ताल धरतो. सिलिफकेच्या एका नाचात तित्तर पक्ष्याची नक्कल असते, तर दुसऱ्याच्या नावातच गावचे दही आहे!

या नाचाची खरी कसोटी १९२३ साली लागली. त्या वर्षी लोझानच्या करारान्वये ग्रीस व तुर्कस्थान यांनी लोकसंख्येची अदलाबदल ठरवली. भाषा पाहिली नाही, धर्म पाहिला. कापादोकिया भागातील कित्येक ख्रिस्ती कुटुंबे घरी तुर्कीच बोलत. तरी त्यांना ग्रीसला जावे लागले. घरेदारे, शेते मागे राहिली. चमच्यांचा नाच मात्र बरोबर गेला. त्यांचे वंशज आजही ग्रीसमध्ये तो नाचतात आणि त्यातील एकाला 'कोन्याली' म्हणतात. ज्या कोन्याची वाट मागे पडली, तिचे नाव नाचात राहिले.

परंतु नातवंडांची भाषा ग्रीक झाली. नाच टिकला, आजी-आजोबांची बोली घरातून गेली. आम्हांला ही गोष्ट विचार करण्यासारखी वाटते.

आपले पूर्वजही बोटीने आले. कोकणातील जाखडी त्यांनी बरोबर आणली, तीच आपली झाकरी. गणेशचतुर्थीला रिंगण धरले की लहान मुलांचे पाय आपोआप पडतात. पण गाण्याचा अर्थ विचारला तर कितीजण सांगतील? घरी तर बोलणे बहुधा क्रिओलमध्येच चालते.

हाताने केलेले मूल सहसा विसरत नाही, हा आम्हां शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. म्हणून झांज मुलांच्या हाती जरूर द्या. मात्र पुढच्या चतुर्थीपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना जवळ बसवून झाकरीचे एक तरी गाणे ओळीओळीने समजावून सांगावे. पावलांबरोबर शब्दही पुढच्या पिढीकडे गेले पाहिजेत. एवढे काम प्रत्येक घराला करता येईल.