दोरू खोऱ्यातील व्हिंटेज पोर्ट
व्हिंटेज पोर्ट ही उत्तर पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात होणारी गोड, कडक लाल वाइन. या द्राक्षप्रदेशाच्या सीमा १७५६ मध्येच सरकारने आखून दिल्या. इथल्या उतारांवर माती फारच कमी. शिस्ट खडक फोडून रचलेल्या पायऱ्यांवर द्राक्षवेल वाढतात आणि त्यांची मुळे भेगांतून पाण्याच्या शोधात खोल उतरतात. रस आंबत असताना, बरीच साखर शिल्लक असतानाच, त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचा द्राक्षार्क मिसळतात. त्यामुळे यीस्टचे काम थांबते, गोडवा टिकतो आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. व्हिंटेजसाठी एकाच, उत्तम ठरलेल्या हंगामाची द्राक्षे वापरतात. पिंपात ही वाइन जेमतेम दोन-तीन वर्षे राहते. खरी मुरते ती बाटलीत, कित्येक दशके. तळाशी जाड गाळ बसतो, म्हणून पिण्यापूर्वी ती अलगद निवळून घेतात.