फसलेला प्रयोग खोडू नका!

बालमित्रांनो, मोखाडा-जव्हारकडच्या पाड्यांवर नागलीची कापणी झाली की आजी पुढच्या वर्षासाठी बी निवडते. ढीगभर कणसांतून ती नेमकी चार-पाच उचलते. तिला कसं बरं कळतं? तिने भरलेली कणसं पाहिलीत, तशी पोचट निघालेलीही पाहिलीत. दोन्ही लक्षात आहेत, म्हणून तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

अशीच निवड आता संगणक करू लागलाय, तीही उन्हापासून वीज मिळवण्यासाठी!

सौर दिव्याची निळी-काळी प्लेट तुम्ही पाहिली असेल. ती बहुधा सिलिकॉनची असते. सिलिकॉन वितळवायला १४०० अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता लागते. वर काच आणि चौकट, म्हणून प्लेट जड होते. शास्त्रज्ञांना हवाय कार्बनच्या संयुगांचा पातळ थर, शाईसारखा प्लॅस्टिकवर छापता येणारा. हाच सेंद्रिय सौर घट. (सेंद्रिय म्हणजे इथे शेणखत नव्हे हं!) गुंडाळी करून डोंगरातल्या पाड्यावर सहज नेता येईल, इतका हलका. १९८६ साली चिंग टँग यांनी केलेल्या घटाने १०० भाग प्रकाशातल्या जेमतेम एका भागाची वीज केली होती. आज प्रयोगशाळेत हा आकडा २० च्या आसपास आहे. पण हे थर उन्हात लवकर खराब होतात. अडचण आहे ती तिथेच!

मग टिकाऊ संयुग शोधायचं कसं? एकेक बनवून पाहायचं तर आयुष्य पुरणार नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने २००८ पासून जगभरच्या लोकांचे रिकामे बसलेले संगणक कामाला लावले. सुमारे २३ लाख संयुगं नुसत्या गणिताने तपासली! त्यापुढची पायरी म्हणजे ‘मशीन लर्निंग’, अर्थात यंत्राचं शिकणं. तपासलेल्या संयुगांची उदाहरणं संगणकाला द्यायची. त्यांतल्या खुणा ओळखून तो नव्या संयुगाबद्दल अंदाज सांगतो. मग माणसं मोजकीच संयुगं बनवतात. शेवटची परीक्षा मात्र उन्हाचीच!

पण संगणकाला फक्त यशाच्या गोष्टी सांगून भागत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्याच हॅवरफर्ड कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी जुन्या वह्यांतले फसलेले प्रयोगही संगणकाला शिकवले. ते प्रयोग सौर घटांचे नव्हते, स्फटिकांचे होते. संगणकाने सुचवलेल्या कृतींपैकी १०० तल्या ८९ जमल्या. अनुभवी माणसांच्या ७८! पोचट कणीसही कामाचं असतं, ते असं.

आता तुमची पाळी. एका कागदावर हळद, जास्वंदीची पाकळी आणि पालकाचं पान चोळा. अर्धा कागद पुठ्ठ्याने झाका आणि आठ दिवस उन्हात ठेवा. कोणता रंग आधी विटेल, हे आधीच वहीत लिहा. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, बरं का! आणि पालकहो, ती वही रद्दीत घालू नका.