देव बरें करूं

तोंडवलीच्या पुळणीवर रापण ओढली जात असली आणि जाणाऱ्या-येणाऱ्या कोणी दोराला हात लावला, तर मासळी वर आल्यावर त्याच्याही पिशवीत चार बांगडे पडतात. तो आभार मानत नाही आणि देणाराही त्याची वाट पाहत नाही. ‘मी आपला आभारी आहे’ हे वाक्य आमच्या मालवणी तोंडात कधी नीट बसलेच नाही. ते पत्राच्या शेवटी लिहायचे, नाहीतर समारंभाच्या शेवटी बोलायचे.

लहानपणी मालवणच्या बाजारात एका ख्रिस्ती म्हातारीची पाटी मी तिच्या डोक्यावर चढवून दिली. ती म्हणाली, ‘देव बरें करूं.’ मला वाटले, आशीर्वाद दिला. घरी आईने सांगितले, ‘अरे, आभार मानले तिने तुझे.’

कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत आभाराचे शब्द हेच. देव तुझे भले करो. यात एक कबुली दडलेली आहे. तू केलेस त्याची फेड माझ्या हातून होणार नाही, म्हणून तुझे खाते मी वरच्याकडे सोपवतो. आमच्या घरात याच प्रसंगी ‘जज़ाकल्लाह’ म्हणतात, म्हणजे अल्लाह तुला याचा मोबदला देवो. एक शब्द अरबस्तानातून आला, दुसरा कोकणच्या मातीतला. दोन्हींचा हिशेब एकच.

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी तर आभारच आहेत. मिस्सेतल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला ‘युखारिस्त’ म्हणतात. या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आभारप्रदर्शन. मराठी बायबलमध्ये त्या भावनेसाठी ‘उपकारस्तुती’ असा शब्द आहे. मला तो फार आवडतो. उपकार म्हटले की आपण दबतो, ‘उपकाराखाली’ येतो. या शब्दात मात्र माणूस उपकाराखालून बाहेर येऊन गाऊ लागतो. नगरकडच्या मराठी मंडळ्यांत पीक हाती आले की उपकारस्तुतीची उपासना होते आणि लोक धान्य, भाज्या वेदीपुढे आणून ठेवतात. गोव्यात साष्टीतल्या राय गावी 5 ऑगस्टला ‘कणसांचें फेस्त’ असते. भाताची पहिली कणसे कापून पाद्री आशीर्वाद देतात आणि मग ती घरोघर जातात. आपल्याकडे नव्याची कणसे दाराला बांधतात, तिथे ती देव्हाऱ्यातल्या क्रुसापाशी जातात. एवढाच फरक.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. येशू त्यांना सांगतो, जा, याजकांना दाखवा. वाटेतच ते बरे होतात. दहांतला एकच परत येऊन पाया पडतो आणि तो असतो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्याला परका मानत असा. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? मला नेहमी वाटते, त्या नवांनी तसा गुन्हा काही केला नव्हता. सांगितले तिकडेच ते गेले. फक्त मागे वळून बघायचे राहिले.

पण त्याच लूकमध्ये, थोडे आधी, याहून अवघड गोष्ट आहे. येशू म्हणतो, जेवण घालशील तेव्हा मित्रांना, नातलगांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस. ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांना परतफेड करता येणार नाही अशांना बोलाव. इथे आपली पंचाईत होते. कोकणात शेजारचे भांडे रिकामे परत करत नाहीत. नाताळात नेवऱ्या, दोदोल घेऊन आलेले ताट आमच्याकडून ईदला शीरखुर्मा घेऊन जाते, तेच चतुर्थीला मोदक घेऊन फिरते. सुंदरच आहे ते. पण आहेराची वही आठवा! कोणी किती घातले ते लिहून ठेवायचे आणि त्यांच्या लग्नात तेवढेच घालायचे. ताटाचे प्रेम आणि वहीचा हिशेब यांच्यात भिंत फार पातळ आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. 1870च्या दशकातल्या दुष्काळी फिरतीत त्यांचे आईवडील गेले, मग थोरली बहीण गेली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन केडगावला आल्या. स्वतः उपासमारीत काय हवे होते ते त्यांना ठाऊक होते, ते त्यांनी दुसऱ्यांना दिले. पण वादही आठवला पाहिजे. 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आसरा देणाऱ्याचा धर्म आसरा घेणाऱ्याने घ्यावा काय? रमाबाईंनी कोणावर बळजबरी केली असे मला वाटत नाही. तरी उपकार घेतलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे किती जड जाते, हे मी जाणतो.

बी. ए.च्या शेवटच्या वर्षी परीक्षेची फी भरायला घरात पैसे नव्हते. ओळखीच्या एका निवृत्त ख्रिस्ती मास्तरांनी दिले. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि पाकीट माझ्याच खिशात परत घातले. म्हणाले, ‘ह्ये पैशे आता माझे न्हय. ज्याका गरज आसा, तेका दी. आणि परत येतले म्हणान दिव नको.’ मला अपमान झाल्यासारखे वाटले. खाते मोकळे करायला गेलो होतो, ते उघडेच ठेवून आलो.

पुढे एका मुलाची फी भरली. तो पास झाला, नोकरीला लागला. नंतर एकदा मालवणच्या एसटी स्टँडवर दिसला, मोटारसायकलवर. ओळख न देता निघून गेला. मनात आले, हा त्या नवांतला! घरी येईपर्यंत धुसफुसत होतो. रात्री अंथरुणावर मास्तरांची अट आठवली आणि लक्षात आले, स्टँडवर मी त्याला पाहून हात वर केला होता, तो वसुलीसाठीच.