धावणाऱ्या पोरांची पाठ आणि मणके 'बसवणारे' हात

मालेगावच्या बाहेर मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला पहाटे कोणी उभा राहिला तर त्याला पोरांच्या टोळ्या धावताना दिसतील. यातील बरीच पोरे पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याशिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. काही जण तर रात्रपाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकून थेट रस्त्यावर येतात.

अशाच एका पोराची ही हकीकत आहे. त्याचे वडील आमचे जुने कारागीर. पोरगा बावीस वर्षांचा, स्वतःही बारा तास लूमवर उभा राहतो. मागच्या हिवाळ्यात तो आमच्या गादीवर आला, गिऱ्हाईक उठेपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "चाचा, दोन हजार रुपये उसने द्या. अब्बांना सांगू नका." कशासाठी, असे विचारले तर त्याने मोबाईल पुढे केला. त्यात एक माणूस दुसऱ्याचे डोके दोन्ही हातांत धरतो, एक झटका देतो, कडकन आवाज होतो आणि तो दुसरा हसत उठतो. पोरगा म्हणाला, "माझे मणके सरकलेत. एकदा बसवून घेतो. भरती तोंडावर आली आहे."

आम्ही पैसे दिले नाहीत आणि नाहीही म्हटले नाही. त्याला बसवून घेतले, कारण हा सौदा आम्ही स्वतः एकदा केलेला होता.

आमची गोष्ट अशी. एक्कावन्नाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि आम्ही उत्साहाच्या भरात धावायलाच सुरुवात केली. तीस वर्षे गादीवर एक गुडघा वर घेऊन, लोडाला अर्धे टेकून, वहीवर मान घालून बसलेला माणूस फजरची नमाज झाली की धावत सुटला! तीन आठवड्यांत कंबर धरली, मानही आखडली. एका दोस्ताने एका 'मणकेवाल्या'कडे नेले. त्याने ना काही विचारले, ना जुने कागद पाहिले. मान धरली, फिरवली, आवाज झाला. त्या संध्याकाळी खरेच हलके वाटले. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला मुंग्या आणि एक तागा उचलवेना. ईदच्या आधीचे दिवस, दुकानात गर्दी, आणि आम्ही आठ दिवस घरात पडून. फी किरकोळ होती, त्या आठ दिवसांचा हिशेब मात्र आजही आठवतो. पुढे हाडांच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपीने हात पूर्ववत झाला. त्या माणसाचे नाव लिहीत नाही.

त्यानंतर ही विद्या आहे तरी काय, हे आम्ही वाचायला घेतले. कायरोप्रॅक्टिक हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो एखाद्या सुताचा ब्रँड असावा असे वाटले होते. मूळ शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'हाताने केलेले काम' असा होतो. याची सुरुवात करणारा डी. डी. पामर हा अमेरिकेच्या आयोवा राज्यातील गृहस्थ. तो डॉक्टर नव्हता. मास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवले आणि नंतर चुंबकाने उपचार करू लागला. १८९५ साली डॅव्हनपोर्ट गावात त्याने एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा पामरचा दावा. कानाची नस पाठीच्या कण्यातून जात नाही, हे आज शाळकरी मुलालाही दाखवता येते. पण १८९७ मध्ये पामरची शाळा निघाली आणि धंदा वाढला. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून त्याला तुरुंगातही जावे लागले.

या गोष्टीत व्यापाऱ्यांनी लक्ष द्यावे असा एक खटला आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने आपल्या सभासदांना कायरोप्रॅक्टरांशी व्यवहार ठेवू नका असे बजावले होते. त्यावर १९७६ मध्ये विल्क नावाच्या कायरोप्रॅक्टरने काही साथीदारांसह शिकागोत दावा लावला. तो अकरा वर्षे चालला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेटझेंडॅनर यांनी निकाल दिला की हा बहिष्कार व्यापारातील मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. वरच्या कोर्टातही १९९० मध्ये तो टिकला. आपल्या बाजारात अमक्याचा माल उचलू नका असा ठराव होतो, तसलाच हा प्रकार. मात्र कोर्टाने निकाल दिला तो बहिष्कारावर. पामरची कल्पना खरी की खोटी, हे ठरवण्याचे काम त्या कोर्टाचे नव्हते, आणि जाहिरात करणारे नेमके हेच सांगत नाहीत.

मग या उपचारात काही तथ्य आहे का? आहे, पण मापात आहे. कंबरदुखी हे जगातले फार मोठे दुखणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याप्रमाणे २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ते होते. या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात रुग्णाला नीट समजावणे आणि व्यायाम यांच्याबरोबर हाताने मणक्यांवर करायचे उपचार आणि मालिश यांनाही जागा दिली आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे, या गोष्टी मात्र नेहमीसाठी वापरू नयेत असे म्हटले आहे. आमच्या बाजारात दर तिसऱ्या गादीवर पट्टा बांधलेला शेठ बसलेला असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता तो कडकन आवाज. लोक त्यालाच भुलतात. मणका जागेवर बसल्याचा तो आवाज नसतो. सांध्याच्या आत तेलासारखा द्रव असतो. सांधा ताणला की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडल्यावर येतो तोच. मान, पाठ आणि कंबर मिळून हलणारे मणके २४ असतात. ते पक्क्या स्नायूंनी आणि बंधांनी बांधलेले असतात. धावल्याने ते बशीतल्या बोरांसारखे इकडेतिकडे सरकत नाहीत.

झटका मानेला देतात तेव्हा धोका वेगळा असतो. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. झटक्यानंतर त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. प्रमाण फार कमी, पण ज्याच्यावर येते त्याचे सगळे घर बसते.

आणि आपल्या वस्त्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट टीबीची. टीबी फुप्फुसालाच होतो असे नाही, मणक्यालाही होतो. पाठीत एकाच जागी दुखते, रात्री जास्त दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते. अशा पोकळ झालेल्या मणक्यावर कोणी झटका दिला तर पाय कायमचे जाऊ शकतात. यावर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि वेळेत घेतले तर माणूस बरा होतो. तसेच कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. तिथे मालिशवाल्याचे काम नाही.

ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांची परिषद झाली आहे, नोंदणीशिवाय तिथे कोणी तसा बोर्ड लावू शकत नाही. आपल्या देशात त्यांच्यासाठी कायद्याने बनलेली वेगळी परिषद नाही. परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला आणि आठ दिवसांचा कोर्स केलेला, दोघांचे बोर्ड इथे सारखेच दिसतात. फिजिओथेरपिस्टांचा समावेश २०२१ च्या केंद्रीय कायद्यात झाला आहे. आम्ही सूत घेतानाही काउंट विचारतो, तर मान कोणाच्या हाती देताना शिक्षण कुठे झाले हे विचारायला लाज कसली?

हे सगळे आम्ही पोराला एका बैठकीत सांगितले नाही, तो पळून गेला असता. आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, नडगीचे हाड बोटाने दाबत दाबत वरून खाली आले. एकाच ठिपक्यावर कळ उठली असती तर हाडाला बारीक चीर असण्याचा संशय होता. तसे नव्हते, दुखणे पसरलेले होते. मग फिजिओथेरपीवाल्या बाईंनी चार प्रश्न विचारले. झोप किती? चार-पाच तास. रोज किती धावतोस? रोज पूर्ण वेगाने १६०० मीटर, दोन वेळा. बूट? तळ एका बाजूने झिजून सपाट. काम? चार लूमवर उभा, दर थोड्या वेळाने वाकून धोटा बदलायचा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग दुखणार नाही तर काय होईल, बेटा?"

त्यांनी त्याला व्हरांड्यात धावून दाखवायला लावले. तो कमरेतून पुढे वाकून, खांदे कानाला लावून, लांब ढांगा टाकत धावत होता. त्यांनी सांगितले ते आम्ही तिथेच चिठ्ठीवर लिहून घेतले. नजर पायाकडे नको, पंधरा-वीस पावले पुढे ठेवायची. खांदे सैल, कोपर साधारण काटकोनात, हात छातीसमोर आडवे जाऊ द्यायचे नाहीत. झुकायचे ते घोट्यातून आणि थोडेच, कमरेतून नाही. पाऊल शरीराच्या खाली पडावे, फार पुढे नाही. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर येतो, पाऊल लांब टाकले की तो गुडघ्याला जास्त बसतो. आपण नेहमी टाकतो त्यापेक्षा पावले पाच ते दहा टक्के जास्त, पण आखूड टाकली तर गुडघा आणि खुबा यांच्यावरचा ताण कमी होतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने पावले मोजली, तेव्हा लांब पल्ल्याचे जवळपास सर्व धावपटू मिनिटाला १८० किंवा जास्त पावले टाकत होते. म्हणून तोच आकडा सर्वांनी गाठायचा असे नाही.

ठेवण सुधारली की सगळे आले, असेही समजू नये. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक मान हलवत, तोंड वेडेवाकडे करत धावायचा. त्याच माणसाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. युसेन बोल्टचा तर कणाच वाकडा आहे, त्याने स्वतः सांगितले आहे. त्याने कंबर-पोटाचे स्नायू व्यायामाने मजबूत करून ते सांभाळले. मणके 'सरळ करून' देणाऱ्यांच्या जाहिराती पाहताना आम्हाला बोल्ट आठवतो.

पोराला दोन आठवडे धावणे बंद ठेवावे लागले. त्या काळात पाठीवर निजून कंबर उचलणे, कोपरांवर अंग तोलून धरणे, भिंतीला धरून टाचा वर-खाली करणे, एवढेच. मग आधी चालणे, मग एक मिनिट धाव, एक मिनिट चाल. पूर्ण वेगाची धाव आठवड्यात दोनदाच, आणि त्यातली एक शुक्रवारी, कारण त्या दिवशी लूम बंद. लूमवर आम्ही एक लाकडी फळी ठेवून दिली, एक पाय आलटून पालटून तिच्यावर ठेवायला. मुकादमाने कुरकुर केली, पण आठवडाभरात बाकीच्या कारागिरांनीही फळ्या मागितल्या. आठ आण्याच्या फळीने कापडाचा दर्जा बिघडत नाही, हे आम्ही त्याला वहीत दाखवले.

आम्ही स्वतः आता धावत नाही, भरभर चालतो. गादीवर लोड बदलला, वही उतरत्या मेजावर घेतली आणि दर अर्ध्या तासाला गिऱ्हाइकाला तागा दाखवायला स्वतः उठतो. नोकर म्हणतो, शेठ, मी आहे ना. त्याला काय सांगायचे!

ते दोन हजार आम्ही शेवटी दिले. त्यातून चौदाशेचे बूट आले. उरलेले सहाशे पोराने भरतीच्या मैदानावरून आल्यावर परत आणून दिले. १६०० मीटर त्याने न थांबता, न लंगडता पूर्ण केले. यादी अजून लागायची आहे. सहाशे वहीत जमा आहेत, बाकी चौदाशे त्याच्या नावावर आहेत आणि त्याच्या अब्बांना अजून काही माहीत नाही.